आच्छादनाची शेती : आफ्रिकेंतील मका-तूर आणि वऱ्हाडांतील कुटार

अकोला व अमरावती येथील बाजारांत तुरीचे भाव उतरले म्हणजे मोझांबिक आणि मलावी या दोन देशांचीं नांवें आपल्या कानांवर येतात. भारत सरकारनें मोझांबिकशीं २०१६ सालीं व मलावीशीं २०२१ सालीं करार करून तेथील तूर आणण्याचें ठरविलें. मलावीच्या करारांत दरवर्षीं ५०,००० टन तूर खाजगी व्यापारामार्फत आणण्याची तरतूद पांच वर्षांकरितां होती. व्यापाराचा विषय निराळा आहे, आणि त्याविषयीं आपल्या मनांत कांहीं कडवटपणा असल्यास तो स्वाभाविक आहे. परंतु ती तूर पिकविणारा मनुष्य कोण, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. दक्षिण मलावींतील हा शेतकरी बहुधा अडीच एकरांहूनहि कमी जमिनीचा धनी असतो. मक्याच्या ओळींत तो तूर लावतो; तुरीला तिकडे नंदोलो म्हणतात. बैल व नांगर बहुतेकांजवळ नाहींत, सारी मशागत हातकुदळीनें होते. पावसाळा एकच, आणि तोहि लहरी. अशा शेतकऱ्याकरितां गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जमिनीची उलथापालथ कमी करून तिजवर काडीकचऱ्याचें आच्छादन ठेवण्याची जी पद्धति सुचविली गेली, तिला संवर्धित शेती असें म्हणतात. तिचा त्याला आलेला अनुभव गोड व कडू अशा दोन्ही प्रकारचा आहे. त्यांतील कडू भाग वऱ्हाडांतील शेतकऱ्यास अधिक उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें या पद्धतीचीं तीन अंगें सांगितलीं आहेत. जमीन शक्य तितकी कमी हलवावी. पेरणी झाल्यावरहि भूपृष्ठाचा निदान तीस टक्के भाग पिकांच्या अवशेषांनीं झांकलेला असावा. आणि एकाच शेतांत निरनिराळ्या जातींचीं पिकें, त्यांतहि एखादें द्विदल, आलटून पालटून किंवा एकत्र घ्यावीं. या विचाराचा उगम आफ्रिकेंत झालेला नाहीं. १९३० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेच्या मैदानांत नांगरलेली उघडी माती वाऱ्याबरोबर उडून गेली, तेव्हां तेथें नांगराविषयीं प्रथम मोठा संशय उत्पन्न झाला. १९४३ सालीं एडवर्ड फॉकनर यानें नांगराविरुद्ध एक पुस्तकच लिहिलें. पुढें १९७२ सालीं ब्राझीलच्या पाराना प्रांतांत हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्यानें न नांगरतां पेरणी सुरू केली, व तेथून ती दक्षिण अमेरिकेंत पसरली. तेथील शेतें मोठीं, पेरणीचीं यंत्रें भारी, गुरें निराळ्या कुरणांत. तीच योजना अडीच एकरांच्या मक्यावर उतरविली म्हणजे काय होतें, हें मलावी व झांबिया या देशांत पाहावयास मिळालें.

आच्छादनानें लाभ कसा होतो, हें अगोदर नीट समजून घेतलें पाहिजे. मृगाचा जोरदार सडाका उघड्या काळ्या जमिनीवर पडला कीं वरचीं ढेकळें फुटतात, बारीक माती छिद्रांत बसते आणि वर एक पापुद्रा धरतो. त्यानंतरचें पाणी आंत न जातां उताराकडे धांवूं लागतें, व जातांना वरची सुपीक माती घेऊन जातें. जमिनीवर काडी पसरलेली असेल तर थेंबाचा मार काडीवर बसतो आणि पाणी सावकाश झिरपतें. पूर्वीच्या पिकाचीं मुळें जागच्या जागीं कुजल्यानें ज्या नळ्या राहतात, त्या व गांडुळांचीं बिळें यांतून तें खोल उतरतें. न नांगरल्यानें या वाटा मोडत नाहींत. एक एकर शेतांत २५ मिलिमीटर पाऊस वाहून न जातां मुरला, तर सुमारें एक लाख लिटर पाणी आपल्या घरीं राहिलें असा हिशेब होतो. अकोल्याकडे वर्षाचा पाऊस सरासरीनें ८०० मिलिमीटरांच्या आसपास असतो, आणि आपल्याकडे पीक जातें तें बहुधा एकंदर पावसाच्या तुटीनें जात नाहीं. दोन पावसांमधील पंधरा-वीस दिवसांच्या खंडांत जातें. त्या खंडांत हें मुरलेलें पाणी उपयोगी पडतें. शिवाय काडीच्या सावलींत ओल लवकर उडत नाहीं.

आतां मलावीकडे वळूं. तेथें दरवर्षीं संपूर्ण शेतांत कुदळीनें मातीचे वरंबे ओढण्याचा जुना परिपाठ आहे. मागच्या वर्षीं जेथें सरी होती तेथें या वर्षीं वरंबा. या कामांत घरच्या माणसांचे आठवडेच्या आठवडे जातात, आणि कुदळ वर्षानुवर्षें एकाच खोलीवर पडल्यानें तिच्याखालीं एक कठीण थर तयार होतो. नव्या पद्धतींत वरंबे पुन्हां ओढूं नयेत, मक्याचीं धांडें शेतांतच आडवीं पाडावींत व टोंकदार काठीनें भोंक पाडून त्यांत मका व द्विदल यांचें टोकण करावें, असें सांगण्यांत आलें. झांबियांत निराळा मार्ग निघाला. पीक निघाल्यावर, उन्हाळ्यांतच, ठराविक अंतरावर लहान लहान खड्डे खणावे, खत त्या खड्ड्यांतच घालावें आणि पहिल्या पावसाबरोबर त्यांतच बी टाकावें. हे खड्डे हेक्टरीं सुमारें १५,८०० होतात. ज्यांच्याजवळ बैल होते त्यांच्याकरितां मगोये येथें तयार झालेलें एक अवजार आलें. तें सारें शेत न उकरतां फक्त पेरणीच्या ओळीपुरती अरुंद फट पाडतें. आपल्या वाचकांस त्याची कल्पना चटकन येईल.

यांतून लाभ झाला, हें नाकारतां येणार नाहीं. मलावींत वरंबे ओढण्याचे श्रम वांचले. पेरणी वेळेवर होऊं लागली, आणि मक्यासारख्या पिकांत वेळेवर पेरणी हाच अर्धा लाभ असतो. ज्या वर्षीं पाऊस तुटला त्या वर्षीं आच्छादनाखालचा मका अधिक दिवस तग धरून राहिला. ओळींत तूर, भुईमूग किंवा चवळी घेणाऱ्यांस दुहेरी पीक मिळालें. दोन द्विदल पिकें एकत्र, म्हणजे भुईमुगांत किंवा सोयाबीनमध्यें तूर, घेण्याचा उपदेश तेथें अलीकडे मोठ्या आस्थेनें केला जातो. आपल्याकडे मात्र सोयाबीनमधील तुरीच्या ओळी कोणास नवलाच्या वाटणार नाहींत.

पण पहिल्या वर्षींच उत्पन्न वाढेल या आशेनें जे आले, त्यांतील पुष्कळ निराश झाले. वाढ दिसावयास बहुधा दोन ते पांच हंगाम लागतात. त्यापूर्वीं तणाची लाट येते. कारण नांगरट किंवा वरंबे ओढणें म्हणजे एक प्रकारें पहिलें निंदणच होय, आणि तें बंद झालें. हें वाढलेलें निंदण बायकामुलांच्या अंगावर पडलें. मक्याच्या धांड्यांत कर्ब पुष्कळ व नत्र थोडें असल्यानें तीं कुजतांना जमिनींतलें नत्र कांहीं काळ अडकून पडतें. खताला पैसे नसलेल्यांचीं कोंवळीं रोपें पिवळीं पडलीं. २००९ सालीं केन गिलर व त्यांचे सहकारी यांनीं या सर्व आक्षेपांची स्पष्ट मांडणी केली, तेव्हां प्रचारक मंडळींत बरीच खळबळ उडाली. त्यांचें म्हणणें पद्धति खोटी आहे असें नव्हतें. ती कोणत्या शेतकऱ्यास, कोणत्या जमिनींत व कोणत्या स्थितींत परवडते हें पाहिल्याविना सर्वांस एकच उपदेश करूं नये, एवढेंच होतें. आमच्या मतें तें रास्त होतें.

सर्वांत मोठी अडचण आच्छादनाचीच निघाली. चांगलें आच्छादन व्हावयास हेक्टरीं अडीच-तीन टन कोरडी काडी लागते. ज्या जमिनींत पीकच बेताचें येतें तेथें एवढी काडी निघत नाहीं. आणि जी निघते तिजवर पुष्कळांचा डोळा असतो. कापणी झाली कीं गांवचीं गुरें मोकळीं सुटतात व शेत चारून स्वच्छ करतात. उरलेलें उधई खाते. मलावीच्या कांहीं भागांत शेतांतील उंदीर धरून खाण्याची चाल आहे, व उंदीर बाहेर काढण्याकरितां काडीला आग लावतात. याचा परिणाम असा झाला कीं पुष्कळांनीं नांगरणें वा वरंबे ओढणें तेवढें सोडलें, आणि जमीन राहिली उघडी. अशा उघड्या, न हलविलेल्या जमिनीवर पापुद्रा अधिकच घट्ट बसतो व पाणी पूर्वींपेक्षांहि जास्त वाहून जातें. नांगर सोडण्यापूर्वीं काडीची व्यवस्था लावली पाहिजे. व्यवस्था नसेल तर नांगर सोडूं नये. आफ्रिकेच्या अनुभवांतून आपण घ्यावयाची गोष्ट हीच.

वऱ्हाडांत कमी मशागत ही परकी गोष्ट नाहीं. आपल्या आजे-पणज्यांचें मुख्य अवजार नांगर नव्हतें, वखर होतें. वखराची पास वरची दोन-तीन इंच माती कापते व तण मुळाशीं तोडते, माती पालथी करीत नाहीं. कुंदा किंवा हराळी फार माजली तरच कांहीं वर्षांनीं एकदां जड नांगर लावीत. भारी काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते आणि पावसाळ्यांत भेगा मिटतात. म्हणून ही जमीन स्वतःच स्वतःस नांगरते असें म्हणत, व तें शास्त्रासहि धरून आहे. पेरा कपाशी व ज्वारी यांचा आलटून पालटून. कपाशीच्या आठ-दहा तासांनंतर तुरीचें तास, ज्वारींत मूग किंवा तूर. तिसरें अंग येणेंप्रमाणें पूर्वींच सिद्ध होतें, पहिलें बव्हंशीं होतें. उणें होतें तें आच्छादन, कारण कडबा गुरांस व पऱ्हाटी चुलीस जात असे. मात्र त्याच्या मोबदल्यांत शेणखत शेतांत परत येत होतें, हेंहि विसरतां कामा नये.

हल्लीं चित्र पालटलें आहे. बैलजोड्या कमी झाल्या, ट्रॅक्टरची खोल नांगरट पुष्कळ ठिकाणीं दरवर्षींची झाली, ज्वारीच्या जागीं सोयाबीन आलें. ज्वारी गेली तसा कडबा गेला. शेणखत आटलें. सोयाबीनची मळणी शेताच्या एका कोपऱ्यांत होते, कुटाराचा ढीग तेथेंच पडतो, आणि तो कांहीं गुरांच्या तोंडीं लागतो, कांहीं विकला जातो, उरलेला पुष्कळदां पेटवून दिला जातो. हिशेब करून पाहा. एकरीं आठ क्विंटल सोयाबीन झालें, तर काड व कुटार मिळून तें दाण्याइतकें किंवा त्याहून थोडें अधिक, म्हणजे आठ-दहा क्विंटल निघतें. हेक्टरीं अडीच टन म्हणजे एकरीं दहा क्विंटल. तेव्हां सारेंच्या सारें कुटार शेतांत राहिलें तरच त्या एका एकराची गरज जेमतेम भागते. ज्याच्या दारीं गुरें आहेत त्याला हें अशक्य आहे. म्हणून पांच एकरांवर पातळ विखुरण्यापेक्षां, गुरांचें पोट भरून जें उरेल तें एकाच एकरावर दाट पसरावें, असें आम्हीं सुचवितों. दुसरा उपाय ज्वारी-तुरीचें एखादें पटण पुन्हां धरण्याचा. ज्वारीचा कडबा गुरांस मिळाला म्हणजे सोयाबीनचें कुटार जमिनीस मोकळें होतें.

कपाशीच्या शेतांत एक अडचण आहे, जी आफ्रिकेच्या मक्यांत नाहीं. २०१७ सालच्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भांत जो कहर केला तो आपण सर्वांनीं भोगला आहे. ही अळी न वेचलेल्या किडक्या बोंडांत, पऱ्हाटीवर व पडलेल्या कचऱ्यांत सुप्तावस्थेंत राहते आणि पुढच्या हंगामांत पतंग होऊन निघते. फरदड घेऊं नये, कपाशी डिसेंबरअखेरच्या सुमारास संपवावी व पऱ्हाटी शेतांत किंवा धुऱ्यावर रचून ठेवूं नये, हा तज्ज्ञांचा सल्ला त्यामुळेंच आहे. आच्छादनाच्या लोभानें अख्खी पऱ्हाटी शेतांत आडवी पाडून ठेवणें म्हणजे अळीला घर बांधून देणें होय. यंत्रानें तिची बारीक कुट्टी करून, ती खड्ड्यांत शेण घालून कुजवून मग पसरली तर धोका पुष्कळ कमी होतो. पण कुट्टीचें यंत्र भाड्यानें मिळणें व खड्ड्याला पाणी असणें या दोन गोष्टी साधाव्या लागतात. त्यापेक्षां कपाशीचें आच्छादन कपाशीकडे मागूंच नये. आदल्या वर्षीं त्या शेतांत सोयाबीन-तूर घेऊन तिचें कुटार तेथेंच पसरावें, व पुढील वर्षीं त्यावर कपाशी टोकावी, हा मार्ग आम्हांस सोपा वाटतो. तुरीचीं खोडें जमिनीलगत कापावीं, उपटूं नयेत. तिचें सोटमूळ खालचा कठीण थर फोडीत गेलेलें असतें. तें जागींच कुजलें म्हणजे पाण्याला तयार वाट मिळते.

मूळ न उपटण्याचा हा नियम महाराष्ट्रांत लोकप्रिय करण्याचें श्रेय रायगड जिल्ह्यांतील नेरळजवळच्या सगुणा बागेचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांस द्यावें लागेल. त्यांनीं भाताकरितां कायमचे गादीवाफे, न नांगरतां लोखंडी साच्यानें पाडलेल्या छिद्रांत टोकण आणि मुळें जमिनींतच ठेवणें अशी पद्धति बसविली. पुढें ती मराठवाड्यांत कपाशी, सोयाबीन व मका यांवरहि गेली. आपल्या भारी जमिनीला यांतील कायमचा गादीवाफा विशेष महत्त्वाचा आहे. काळ्या जमिनींत सततच्या पावसांत पाणी तुंबतें, आणि आच्छादनाखालीं वाफसा आणखी उशिरां येतो. सपाट भारी जमिनींत नुसतें न नांगरतां आच्छादन केलें तर सोयाबीनचीं मुळें सडण्याचा संभव आहे. रुंद सरी वरंब्याच्या यंत्रानें तीन-चार तासांची गादी व दोन्ही बाजूंस सरी पडते, ही पद्धति अकोला-अमरावतीकडे पुष्कळांस परिचित आहे; परंतु ते वरंबे आपण दरवर्षीं मोडतों व पुन्हां पाडतों. ते तीन-चार वर्षें न मोडतां ठेवावे, सरी तेवढी दुरुस्त करावी, चालणें व बैल-ट्रॅक्टर सरींतूनच न्यावे, गादीवर पाऊल पडूं देऊं नये.

पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत तर गादीवाफ्याखेरीज हा प्रयोग करूंच नये. तेथील जमीन खोल व चिकट, निचरा मंद, आणि विहिरीचें पाणी खारें असल्यानें ओलिताचा आधार नाहीं. आच्छादनाचा तेथें एक जास्तीचा गुण आहे : भूपृष्ठावरून ओल कमी उडाली म्हणजे खालचे क्षार वर चढून येण्याचें मान कमी होतें. उलट हलक्या व उताराच्या जमिनींत लाभ सर्वांत लवकर दिसेल. मेळघाटांत, धारणी व चिखलदरा या तालुक्यांत, कोरकू शेतकरी उतारावर मका घेतात. आफ्रिकेच्या अनुभवाशीं सर्वांत जवळचें उदाहरण तेंच. तेथें मक्याचीं धांडें उताराला आडव्या ओळींत टाकून मधल्या पट्ट्यांत मका व तूर टोकल्यास धुपीला प्रत्यक्ष बांध बसतो.

तणाचा प्रश्न टाळून चालणार नाहीं. न नांगरतां शेती करणारे बहुतेक लोक तणनाशकावर, विशेषतः ग्लायफोसेटवर, भिस्त ठेवतात. २०२२ सालीं केंद्र सरकारनें या औषधाच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली; आणि २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकांच्या फवारणींत शेतकरी व मजूर यांस झालेली विषबाधा कोणी विसरलेलें नाहीं. ज्याच्या घरीं डवरा व बैल आहेत त्यानें हट्टानें तणनाशकाकडे जाण्याचें कारण नाहीं. पहिलीं दोन वर्षें ओळींच्या मधून उथळ डवरणी करावी, काडी बाजूस सरते त्याची फिकीर करूं नये. तण फुलावर येण्यापूर्वीं कापून तेथेंच टाकलें तर तें स्वतःच आच्छादन होतें. कुंदा व लव्हाळा ज्या शेतांत माजला आहे तें शेत मात्र या प्रयोगास घेऊं नये. अगोदर नांगरानें त्याचा बंदोबस्त करावा. नांगराशीं आमचें वैर नाहीं.

राहिली मोकाट गुरांची गोष्ट. एकट्याच्या शेतांतील काडी गांवच्या कळपापुढें टिकत नाहीं, हें आफ्रिकेंत दिसलें तसें येथेंहि दिसेल. उन्हाळ्यांत धुरे पेटविण्याची चाल आहेच. वाऱ्याची एक झुळूक आली कीं शेजाऱ्याचें आच्छादन गेलें. आदर्श गांवाच्या कार्यक्रमांत चराईबंदी हें एक सूत्र धरलें गेलें, तें राळेगण सिद्धी व हिवरे बाजार येथें मुख्यतः डोंगर राखण्याकरितां होतें. शेतांतील काडीकरितांहि तोच ठराव ग्रामसभेंत करतां येईल : शिवाराचा एक भाग कापणीनंतर चराईस बंद, दुसरा मोकळा, आणि बंद भागांत धुरे पेटविण्यास मनाई. आपल्या संघाच्या शाखांनीं हा विषय माघ-फाल्गुनांतच काढावा; चैत्रांत गुरें सुटल्यावर काढून उपयोग नाहीं.

ज्यांस प्रयोग करावयाचा आहे त्यांनीं एक एकर निवडावा व त्याला लागून तेवढाच तुकडा नेहमींच्या पद्धतीनें ठेवावा. या हंगामांत गादीवाफे पाडून सोयाबीन-तूर पेरावी. मळणीयंत्र त्याच शेतांत आणावें व कुटार वाऱ्यानें उडण्यापूर्वीं त्याच दिवशीं गादीवर पसरावें. तूर उभी असल्यास ओळींमधून पसरावें. पुढल्या मृगांत न वखरतां टोकण करावें. नत्राचें खत काडीवर फेकूं नये, तें काडींतच अडकतें. बियाच्या बाजूला व खालीं मातींत द्यावें, आणि पहिलीं दोन-तीन वर्षें नेहमींपेक्षां थोडें जास्त द्यावें. दोन्ही तुकड्यांचा पेरणीचा दिवस, निंदणाची मजुरी, नांगर-वखराचें भाडें व उत्पन्न वहींत वेगवेगळें लिहावें. पहिल्या वर्षीं निंदणाची मजुरी वाढेल व नांगरटीचें भाडें वांचेल; दोहोंची वजाबाकी काय येते हें वहीच सांगेल. पावसाचा खंड पडला कीं दोन्हीकडे वीतभर खोल खणून माती मुठींत दाबून पाहावी.

शेवटीं जे आपली जमीन मक्त्यानें किंवा बटईनें देतात त्यांच्यासाठीं एक सूचना. एका वर्षाचा मक्ता घेणारा मनुष्य तीन वर्षांनीं दिसणाऱ्या लाभाकरितां कुटार मातींत घालणार नाहीं. तो तें विकील, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. अशा शेतांत हा प्रयोग करावयाचा असल्यास मक्ता निदान चार वर्षांचा लिहून द्यावा, कुटार शेताबाहेर नेऊं नये अशी अट घालावी, आणि त्या कुटाराची बाजारभावानें जी किंमत होईल तितकी मक्त्याच्या रकमेंतून दरवर्षीं वजा द्यावी.